सतरा नंबरचा बिल्ला

भीमराज मोशीहून सायकल मारत आकुर्डीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा शिरला, ते साल १९६२. वय अठरा. जवळ दोनच गोष्टी: जलशात गाऊन तयार झालेला खणखणीत आवाज आणि सायकल. त्यातली सायकल मामाची होती.

शेडमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी लोखंडी सांगाडे बनायचे. भीमराज वेल्डिंग शिकला. सहा वर्षं तो टेंपररी होता, म्हणजे रोज सकाळी कागदाची चिठ्ठी आणि संध्याकाळी तीही घामानं विरघळलेली. मग एके दिवशी तो परमनंट झाला आणि त्याच्या तळहातावर पितळेचा बिल्ला पडला. नंबर सतरा. त्या संध्याकाळी मोशीत ज्याला तो बिल्ला दिसला नाही असा माणूस उरला नाही. आई सोजरबाईनं तो बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवला आणि सकाळी कामावर न्यायला द्यायलाच तयार होईना.

शेडची रीत साधी होती. आत जाताना टाइमकीपरच्या खिडकीत बिल्ला द्यायचा. सुटी झाली की रांगेत उभं राहायचं, हात पुढं करायचा, नंबर सांगायचा, की बिल्ला हातात. आठ वर्षांत भीमराजचा हात एकदाही रिकामा मागं आला नाही. मालकाशी भांडण असो, संप असो, पगार उशिरा होवो. बिल्ला म्हणजे बिल्ला. दिलेली वस्तू सुटी झाल्यावर परत मिळते, यावर त्याचा जेवढा विश्वास होता तेवढा उद्याच्या सूर्यावरही नसावा.

१९७६ साली ऑर्डरी आटल्या आणि शेड बंद पडली. टाइमकीपरनं ज्याचा त्याचा बिल्ला ज्याच्या त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, आता घरीच ठेवा. भीमराजनं तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि त्याच गळ्यानिशी दुबईच्या नोकरीची परीक्षा दिली. एजंटानं दोन लोखंडी पट्ट्या जोडून घेतल्या, मान हलवली, वर्षाचा करार पुढं सरकवला. बायको कस्तुरा तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. तिनं अडवलं नाही, ती रडली नाही. यायची तारीख तेवढी तिनं भिंतीवर कोळशानं लिहायला लावली. भीमराजनं ऐटीत लिहिली.

दुबईचा कॅम्प म्हणजे वाळूत मांडलेले पत्र्याचे डबे, डब्यात एकावर एक खाटा आणि चाळीस माणसं. पहिल्याच सकाळी कॅम्पचा कारकून, केरळचा एक किडकिडीत माणूस, खिडकीत बसला आणि सगळ्यांचे पासपोर्ट मागू लागला. लोक बिचकले. पुनावळ्याचा खंडू, सेंटरिंगचा सुतार, पासपोर्ट बनियनच्या आत दाबून उभा राहिला. आणि इथं आपल्या भीमराजला स्फुरण चढलं. तो पिंपावर चढला आणि जलशातला आवाज काढून, अर्ध्या मराठीत नि अर्ध्या हिंदीत, सगळ्यांना कारखान्याची रीत समजावू लागला. गेटवर द्यावंच लागतं. सुटल्यावर मिळतं. त्यात भ्यायचं काय? असा रंगला की एका आंध्रवाल्यानं टाळी वाजवली. चाळीसच्या चाळीस पासपोर्ट खिडकीतून आत गेले. पहिला भीमराजचा.

संध्याकाळी भीमराज हातपाय धुऊन, केस विंचरून खिडकीशी गेला, हात पुढं केला आणि म्हणाला, "सतरा."

कारकुनाला आधी समजेना. समजलं तेव्हा तो इतका हसला की त्याचा चष्मा खाली पडला. पासपोर्ट काम संपल्यावर, तोवर शेठच्या कपाटात, असं त्यानं सांगितलं आणि खिडकी लावली. भीमराज हात तसाच पुढं धरून उभा राहिला. त्या हाताकडं बघणारी एकोणचाळीस माणसं त्याच्या मागं होती.

पुढचं वर्ष कसं गेलं ते त्याच्या पाठीला विचारावं. करार वेल्डरचा होता, पण कित्येक दिवस सळयाच वाहाव्या लागल्या. इमारत मात्र महिन्याला एक मजला अशी वर चढत होती. शहर एवढं घाईत होतं की सकाळी पाहिलेला रस्ता संध्याकाळी सापडायचा नाही. अशात कस्तुराचं पत्र आलं. सप्रेम जयभीम, मुलगी झाली, रंग तुमचा, आवाजही तुमचाच, शेजारी झोपत नाहीत. आणि शेवटी: नाव तुम्ही आल्यावर. तोवर तिला सगळे नुसतं 'ए' म्हणतात.

वर्ष भरलं. भिंतीवरची तारीख मोशीत येऊन गेली. भीमराजनं पासपोर्ट मागितला तर उत्तर आलं, इमारत पुरी झाल्याशिवाय कुणी जायचं नाही. आणि इमारत तर अकराव्या मजल्यावर रखडली होती. शेठचे पैसे अडकल्याची बोलवा होती, पगार दोन महिने नव्हता. शेजारच्या कॅम्पातल्या दोघांनी काम थांबवलं, तर त्यांना जीपमध्ये घालून नेलं. ते पुन्हा दिसले नाहीत.

खंडू रोज जेवताना टोचायचा. "काय राव, सुटी झाली का न्हाई आजून? आमचा बिल्ला कवा गावंल?"

भीमराज हसण्यावारी न्यायचा, पण ताट अर्धंच ठेवून उठायचा. त्याचा एकट्याचा पासपोर्ट असता तर गोष्ट वेगळी. हे चाळीस त्याच्या आवाजानं आत गेले होते, आणि ते त्यालाच बाहेर काढायचे होते.

एका संध्याकाळी त्यानं पुन्हा केस विंचरले. "संप न्हाई करायचा, घोषणा न्हाई द्यायच्या," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "नुसती रांग लावायची. रांगेला काय जीप येती व्हय?"

आणि दुसऱ्या दिवसापासून कॅम्पात एक तमाशा सुरू झाला. काम सुटलं की चाळीस माणसं अंघोळ करून, तेल लावून खिडकीपुढं उभी. पहिला भीमराज. हात पुढं, "सतरा," क्षणभर थांबायचं, बाजूला व्हायचं. मग दुसरा, भीमराजनं वाटून दिलेला आपला नंबर. मग तिसरा. कुणी रागवायचं नाही, कुणी विनवायचं नाही. भीमराजनं रीतसर तालीम घेतली. हात किती उंचीवर, आवाज किती, मध्ये थांबायचं किती. खंडू आपला नंबर सानुनासिक काढायचा, त्यावरून भीमराजनं त्याला चार वेळा मागं पाठवलं.

कारकून आधी हसला. मग चिडला. मग त्यानं खिडकी लावली, तर बंद खिडकीपुढं रांग. पोलिसांचं नाव काढलं, तर सगळ्यांनी मान डोलावली आणि नंबर सांगितला. तीन आठवड्यांनी त्याला सवय झाली. एकदा पाण्याचा टँकर उशिरा आला म्हणून रांगेला वेळ झाला, तर हा बाहेर डोकावून वाट बघत होता. एक फोरमन पगाराची रांग समजून त्यात उभा राहिला. कॅम्पात पगार नव्हता, डाळीत डाळ नव्हती, पण संध्याकाळ झाली की माणसं अशी खुलायची की कुणाला वाटावं लग्नाला निघालीत.

मग शेठ यायचा बंद झाला. क्रेन गेली. त्यानंतर आठवड्यानं एका संध्याकाळी नेहमीची रांग लागली, भीमराजनं हात पुढं केला, "सतरा" म्हणाला आणि आत पाहिलं. खुर्ची रिकामी. मागून हसण्याची लाट आली. वळून पाहतो तर रांगेच्या शेवटी, खंडूच्या मागं, एक्केचाळिसावा माणूस उभा. कारकून. त्यालाही तीन महिने पगार नव्हता.

"साहेब, तुमी हिकडं," खंडू म्हणाला, "मग आत कोन हाय?"

"मेरा भी उसी अलमारी में है," कारकून खाली बघत म्हणाला.

किल्ली त्याच्याच खिशात होती. वर्षभर होती. शेठच्या धाकानं हात जात नव्हता. कुणी तरी ती हिसकावायला धावलं, पण भीमराज आडवा आला. सगळं रीतीनं होईल म्हणाला. त्यानं कारकुनाला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, चष्मा पुसून दिला, कपाट उघडायला लावलं आणि स्वतः रांगेत पहिल्या जागी जाऊन उभा राहिला.

"सतरा."

पासपोर्ट तळहातावर पडला. भीमराजनं तो गळ्यातल्या बिल्ल्याला टेकवला आणि रीतीप्रमाणं बाजूला झाला. एकेक करत चाळीस झाले. मग भीमराज आत गेला, खिडकीत बसला, आणि बाहेर जाऊन उभ्या राहिलेल्या कारकुनानं हात पुढं केला. कारकुनाला नंबर नव्हता. तो ओशाळला. "तुम्ही एक्केचाळीस," भीमराज म्हणाला आणि त्याचा पासपोर्ट त्याला दिला.

तीन महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. पण पासपोर्ट घेऊन वकिलातीच्या दारात उभं राहता आलं, बोटीचं तिकीट निघालं. खंडू दुसऱ्या कंपनीत राहिला. पासपोर्ट पुन्हा बनियनच्या आत.

१९७८च्या फेब्रुवारीत भीमराज मोशीच्या घराशी आला तेव्हा कस्तुरा दारात उभी होती, कडेवर सव्वा वर्षाची 'ए'. भिंतीवर त्याच्या अक्षरातली तारीख अजून होती. त्यानं लेकीसाठी दोन्ही हात पुढं केले. कस्तुरानं तिला मागं घेतलं.

"आधी बिल्ला दावा," ती म्हणाली.

भीमराजनं गळ्यातला दोरा काढून पुढं धरला. पोरीनं तो झडप घालून घेतला, थेट तोंडात घातला आणि मग त्याच्याकडं आली. बारसं पुढच्या रविवारी झालं. नाव पुकारलं गेलं तेव्हाही बिल्ला तिच्या दोन दातांत होता, आणि भीमराज तिच्यापुढं हात पसरून, सगळ्या मोशीला ऐकू जाईल अशा आवाजात, सतरा, सतरा म्हणत बसला होता.