करवंदवाडीला आता नको

मी महिपत, पंक्चरवाला. टोकावड्याच्या पुढं, माळशेजच्या रस्त्याला माझं दुकान, नि त्याला खेटून सुंदरावहिनीचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चार बाकडी, चहा, भजी, मिसळ नि तांदळाची भाकर. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, भगीरथची बायको. भगीरथ जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या मागं हिनं हॉटेल चालवलं, लेकीला, दिशाला, कॉलेजपर्यंत शिकवलं, नि मधेच हा ब्लॉगचा उद्योग काढला. त्या ब्लॉगपायी गाव तिच्यावर उलटलं. आधीच कबूल करतो, उलटणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

थंडी पडली की आमच्या रस्त्याला वाटपाच्या गाड्या सुरू होतात. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, कुठून कुठून येतात. माणसं चांगली असतात, नाव ठेवायला जागा नाय. वहिनीकडं चहा प्यायचा नि विचारायचं, "इथं जवळपास गरीब वस्ती कुठं आहे हो?" आता जवळपास म्हटलं की आमचीच करवंदवाडी! रस्त्याला लागून गाव, देवळापुढं गाडी वळवायला जागा, फोनला रेंज. मग आमी लायनीत उभं राहायचं, ब्लँकेट घ्यायचं, फोटोत हसायचं. एका हिवाळ्यात सहा वेळा वाटप झालं. माझ्या घरात माणसं चार नि माळ्यावर ब्लँकेटं तेरा. माझी बायको रंभा त्यातल्याच एकावर पापड वाळवायची.

आणि आत आहे सावरपाडा. रस्त्यापासून दीड तास चालत, मधे ओढा. तिथं वाटपाची एक गाडी कधी गेली नाय.

त्या पाड्यावरची सावळी मोळी विकायला खाली यायची नि जाताना वहिनीकडं चहा प्यायची. एका पौषातल्या सकाळी तिच्या पाठीवर तान्हं पोर होतं, गोणपाटात गुंडाळलेलं. वहिनीनं अंगावरची शाल काढून दिली. तेवढ्यानं माझं समाधान झालं असतं. हिचं नाय झालं. दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद ठेवून ही बया ओढा ओलांडून वर गेली. घरं मोजली, चुली बघितल्या, बायकांना बाजूला घेऊन विचारलं. परत आली ती बाकड्यावर टेकली. मी म्हटलं, "काय गो वहिनी, पाय दुखतात?" तर म्हणाली, "भावोजी, आपल्याला लाज कशी वाटली नाय इतकी वर्षं?" मी म्हटलं, झालं, हिला आता काहीतरी सुचणार.

सुचलंच. दिशानं तिला ब्लॉग काढून दिला. लिहायला वेळ कुणाला? फोन मिठाच्या बरणीला टेकवायचा, भाकर थापता थापता बोलायचं, फोन आपोआप लिहायचा. रात्री दिशा चुका काढायची नि फेसबुकला, व्हॉट्सॅपला टाकायची. चहाला येणाऱ्या पाहुण्यांचे नंबर वहिनीकडं होतेच. पहिली पोस्ट होती, "सावरपाडा. घरं एकोणचाळीस. भाकर भाजायला फुटकी खापरं आहेत. तवे पायजेत."

आता गंमत ऐका. पोस्ट फिरली नि आठ ठिकाणांहून तवे आले! घरटी चार चार. सावळीनं एक दाराला टांगला नि वारा आला की तो वाजायचा. मी पोट धरून हसलो. वहिनी हसली नाय. "चूक माझी," म्हणाली. "काय पायजे ते सांगितलं, पुरे झालं ते सांगायचं राहिलं." तेव्हापासून तिच्या प्रत्येक पोस्टमधे दोन गोष्टी. पायजे, नि नको. एखादी वस्तू पोचली की भाजीला फोडणी द्यायच्या आधी तिचं नाव 'पायजे'तून काढून 'नको'त घालायची. मुरबाडपासून शहापूरच्या हद्दीपर्यंतच्या पाड्यांची तिनं अशी नोंद ठेवली. स्वतः बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाय. एसटीनं जायची, जीपनं जायची, नायतर चालत. लोक विचारायचे, "ताई, गाडी जाते का तिथं?" ही म्हणायची, "गाडी जात नाय, पाय जातात." मुलुंडच्या साहेबलोकांना डोक्यावर ब्लँकेटांचे गठ्ठे घेऊन ओढ्यातून जाताना मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. त्या वर्षी सावरपाड्यात प्रत्येक पोर ब्लँकेटात झोपलं. ह्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण दुसऱ्याच्या दारातली गोष्ट वेगळी नि आपल्या दारातली वेगळी. पुढच्या थंडीत एका मंडळाचा तिला फोन आला. करवंदवाडीत मोठा कार्यक्रम घेतो, घरटी एक पाच लिटरचा कुकर देतो. गावात बातमी पसरली. रंभानं तर कुकरला जागा करून ठेवली. आणि दोन दिवसांत वहिनीची पोस्ट आली.

"करवंदवाडी. हे माझं गाव. इथं ब्लँकेटं, दप्तरं, छत्र्या, ताटं, कुकर, काही नको. घरोघरी जास्तीचं पडलंय. माझ्याच घरात नऊ ब्लँकेटं आहेत. आमाला मिळतं ते गाव रस्त्याला आहे म्हणून. करवंदवाडीला आता नको. पुढं चालत जा."

अरे देवा! मंडळ कुकर घेऊन तसंच पुढं गेलं, आतल्या पाड्यांना. संध्याकाळी देवळात माणसं जमली, वहिनीला बोलावलं. मीच उभा राहिलो. "वहिनी, हात दाखवून अवलक्षण कशाला? देणारे देत होते, घेणारे घेत होते. तुमच्या बापाचं काय जात होतं?" ती शांतपणे म्हणाली, "भावोजी, तुमच्या माळ्यावर किती आहेत, सांगू का सगळ्यांसमोर?" पोरं हसली. मी असा भडकलो की विचारू नका, कारण ती खरं बोलली होती.

रंभा माझ्याही वरताण. दिशाचं लग्न ठरलेलं होतं. ती म्हणाली, "पोस्ट काढ सुंदरे. नायतर दिशाच्या हळदीला ह्या गावची एक सवाशीण येणार नाय." आणि बाकीच्या बायकांनी माना हलवल्या.

हे बोलणं किती लागावं, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाय. आमच्याकडं लग्नाइतकीच हळद मोठी. नवरीला पहिली हळद गावच्या पाच सवाशिणी लावतात. वहिनी विधवा. रीतीप्रमाणं तिनं पाटाजवळसुद्धा यायचं नाय, चुलीपाशी उभं राहायचं. गावच्या बायका आल्या नायत, तर तिच्या एकुलत्या एक लेकीला हळद लावायची कुणी? कायद्यानं कुणाला वाळीत टाकता येत नाय, पण हळदीला न जाण्याला कायदा काय करणार!

दिशा रडली. भिंत पातळ, मला दुकानात ऐकू येत होतं. "आई, काढ ना गं ती पोस्ट. एक बोट लावायचं काम आहे." बराच वेळ भाकर थापल्याचा आवाज येत राहिला. मग वहिनी म्हणाली, "खोटी असती तर काढली असती, बाय." एवढंच. मला वाटलं होतं, आठ दिवसांत वाकेल. महिना गेला, दोन गेले. हॉटेलात गावचं माणूस चहाला फिरकेना. ती वाकली नाय, कुणाशी भांडलीही नाय. पाड्यावरून आली की मला चहा द्यायची तो देतच राहिली, नि मी तो खाली मान घालून प्यायचो.

हळद रविवारवर आली. गुरुवारी सगळ्यांचे फोन वाजले. वहिनीची नवी पोस्ट. लोकांच्या गरजा लिहिणारीनं पहिल्यांदा स्वतःची लिहिली होती, नि अगदी पाड्यांची लिहायची तशीच.

"गाव करवंदवाडी. घर सुंदराचं. पायजे: मुलीला हळद लावायला पाच सवाशिणी, रविवारी संध्याकाळी. भाकऱ्या थापायला चार बायका. नको: आहेर, वस्तू, पैसे."

शुक्रवारपर्यंत खाली शंभर उत्तरं. डोंबिवलीच्या एका महिला मंडळानं लिहिलं, "ताई, आम्ही पाच जणी येतो. पिवळ्या साड्या नेसून येतो." रंभा एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचत होती नि तिचा चेहरा बदलत होता.

"डोंबिवलीच्या?" ती म्हणाली. "आमच्या गावच्या पोरीला डोंबिवलीच्या बायका हळद लावणार? नि भाकऱ्या थापणार? त्यांना तांदळाची उकड तरी काढता येते का गो!"

"मग तू जा," मी म्हटलं.

"मी कशाला जाऊ? माझा कुकर गेला."

रविवारी पाच वाजता डोंबिवलीची गाडी आली. पाच जणी उतरल्या, खरंच पिवळ्या साड्या. रंभा ओट्यावरून बघत होती. अर्ध्या तासानं वहिनीच्या अंगणातून तांदळाची भाकर करपल्याचा वास आला. मग मात्र हिला राहवेना. परात उचलली, पदर खोचला नि गल्लीत उभी राहून ओरडली, "चला गो! गावाची अब्रू करपाय लागली!" बायका जणू दाराआड उभ्याच होत्या. अकरा आल्या, मग वीस, मग मी मोजायचं सोडलं. हळदीची गाणी म्हणणारी ताराबाई, पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी, तीही काठी टेकत निघाली.

मी मागून गेलो. अंगणात एकच चूल पेटवलेली. परातीत पीठ जेमतेम दहा माणसांपुरतं. गावातलं कुणी येईल असं वहिनीनं धरलंच नव्हतं. बायका कामाला लागल्या. एकीनं दुसरी चूल मांडली, एकीनं घरून तांदळाचं पीठ आणलं. डोंबिवलीच्या पाहुण्यांना चटईवर मानानं बसवलं. दिशा पाटावर बसली. ताराबाईनं गाणं धरलं. वहिनी मागं, चुलीच्या धुरात.

रंभानं हळदीची वाटी घेतली. चार सवाशिणी तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. नि ही पुढं जायची सोडून वळली, तडक चुलीपाशी गेली नि वहिनीचा पिठानं भरलेला हात धरला.

"चल. पयला हात तुझा."

"काय बोलतेस गो?" वहिनी मागं सरकली. "मी कशी लावणार? लोक काय म्हणतील?"

"आता लोकांना विचारतेस?" रंभा म्हणाली. "ती पोस्ट लिहिलीस, तेव्हा विचारलं होतंस कुणाला?"

ताराबाईचं गाणं थांबलं. रीत तिच्या हातातली, म्हणून सगळे तिच्याकडं बघायला लागले. रंभानं वहिनीला ओढत पाटापुढं आणलं. दिशानं मान वर केली. वहिनीनं दोन बोटं हळदीत बुडवली, नि इतक्या महिन्यांत जी एकदा रडली नव्हती ती आता रडत होती, पण हात मागं घेतला नाय. दोन्ही गालांना हळद लावली, मग कपाळाला.

ताराबाईनं घसा खाकरला नि गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा धरलं.