फोनवरचा एक शेअर

माझ्या नाकावर राग असतो, हे लातुरात आमच्या दूधवाल्यापासून गॅस एजन्सीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी दहा रुपये जास्त लावले की मी पावती मागते, पावती नसेल तर साहेबाला बोलवा म्हणते आणि पैसे परत मिळेपर्यंत पिच्छा सोडत नाही. अशा वेळी नवरा चार पावलं लांब उभा राहून भलतीकडे बघत असतो. आजवर मी असं एकही भांडण हरलेले नाही. एक तेवढं हरायला हवं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते एसटीत कंडक्टर होते, नांदेड आगारात. आई गेल्यावर नांदेडच्या घरात एकटेच राहिले. लातूरला या म्हटलं तर यायचे, पण तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून तयार. मी इथे शिकवणीच्या क्लासमध्ये गणित शिकवते. पहाटे सहाची बॅच, मग नऊची, दुपारी दोनची आणि संध्याकाळी पोरांच्या शंका. अण्णांचा फोन यायचा तो नेमका दोन बॅचच्या मधल्या दहा मिनिटांत.

"अण्णा, पटकन बोला, पोरं थांबलीत," मी म्हणायचे.

"न्हाई माय, काय न्हाई. सहज केला." की ठेवला फोन. मला ते माय म्हणायचे. आमच्याकडे लाडाच्या लेकीला तसंच म्हणतात.

त्यांची अजून एक सवय होती. अर्धापूरच्या एका ओळखीच्या बागेतून केळी आणायची आणि लातूरच्या गाडीतल्या कंडक्टरकडे द्यायची. नोकरी सुटली तरी गाडीवरची माणसं त्यांचीच होती. मग मला फोन: "केळं पाठवलेत, गाडी चारला लागंल, स्टँडवरून घेऊन ये." एकदा मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर कंट्रोलरच्या टेबलाखाली पिशवीत केळी काळी पडलेली. मी तिथूनच फोन लावला आणि म्हटलं, "अण्णा, लातुरात पण केळी मिळतात हो." त्यानंतर केळी आली नाहीत. हे बोललेलं आता आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्यांचे निवृत्तीचे पैसे बँकेत नुसते पडून होते. म्हणून मीच एका ऑनलाइन ब्रोकरकडे त्यांचं खातं उघडून दिलं. ईमेल माझा, ॲप त्यांच्या फोनवर. एका रविवारी नांदेडला जाऊन मी त्यांना ॲप शिकवलं. अर्ध्या तासात, वर्गात शिकवते त्याच वेगाने. कळलं का, म्हटलं तर ते म्हणाले, "हाव, कळलं." परतीची गाडी चुकू नये म्हणून मी पुढे विचारलं नाही.

वर्षभराने त्यांचं आयकराचं विवरणपत्र भरायला त्या खात्याचा उतारा काढला आणि डोक्यात तिडीक गेली. पानभर एकच ओळ पुन्हा पुन्हा: कॉल अँड ट्रेड. म्हणजे ॲपवर स्वतः ऑर्डर न देता कंपनीला फोन करून तिथल्या माणसाकडून द्यायची, तर दर वेळी पन्नास रुपये आणि वर जीएसटी. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. आणि प्रत्येक वेळी घेतलेला शेअर किती, तर एक. बस बनवणाऱ्या एका कंपनीचा एकच शेअर. मी लावून दिलेले म्युच्युअल फंडाचे महिन्याचे हप्ते सुरळीत चालले होते, मग हे मधेच काय?

ज्या माणसाने तीस वर्षं तिकिटांचा आणि बॅगेचा हिशोब जुळल्याशिवाय घरी येऊन घास खाल्ला नाही, तो असे पैसे जाऊ देईल हे मला पटेना. म्हणजे कंपनीच फसवत असणार. मी लगेच फोन लावला.

"अण्णा, तुम्ही फोन करून शेअर घेता का?"

ते म्हणाले, "घेतो कधी कधी. त्या ॲपचं जमंना मला."

"त्याचे दर वेळी पैसे कापतात, माहीत आहे का?"

"असू दे माय. लई न्हाईत."

"असू दे काय? म्हाताऱ्या माणसाला सरळ लुटायलेत आणि तुम्ही असू दे म्हणता!"

"तू भांडू नको त्यांच्याशी. चांगली माणसं हायत."

मला वाटलं, भिडस्त माणूस, आयुष्यभर साहेबांना भ्यायला, आता कंपनीलाही भितोय. म्हणून मी दुप्पट जोराने भिडले. आधी कंपनीचं आपोआप उत्तरं देणारं चॅट, मग कुणी अधिकारी, मग त्याच्या वरचा. शुल्काची माहिती खातं उघडताना दिलीच होती, असं ते लिहायचे. ग्राहक ज्येष्ठ आहे, त्याला दर वेळी स्पष्ट सांगितलं होतं का, पुरावा द्या, असं मी लिहायचे. सरकारकडे तक्रार करीन असंही कळवलं. महिनाभर ही झकाझकी चालली. शेवटी एका दिवशी दोन मेल आल्या. सकाळी पुराव्याची, ढीगभर फायली जोडलेली. आणि मी ती उघडायच्या आतच दुपारी दुसरी: ग्राहकाच्या समाधानासाठी सगळं शुल्क परत करत आहोत. पैसे मिळाल्यावर पुरावा कोण बघतो? मी उलट अजून एक मागणी केली, की या खात्यावरची फोनची सोय कायमची बंद करा. तीही त्यांनी लगेच मान्य केली.

संध्याकाळी मी अण्णांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "सगळे पैसे परत आणले. आता तिकडे फोन लावू नका, लागणारच नाही. मी ते बंद करून टाकलं."

"बंद केलंस?"

"हो. ॲप मी परत शिकवते, पुढच्या रविवारी येते."

"बरं," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "बरं केलंस."

तो रविवार आला नाही. आधी पोरांच्या सराव परीक्षा, मग पेपर तपासणी, मग नवीन बॅच. अण्णांचे फोनही कमी झाले. मला वाटलं, आता त्यांना कळलं, मी कामात असते. थंडीत एका सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले हृदय. एसटीची कितीतरी माणसं खाकी कपड्यांतच गोदावरीकाठी आली, त्यातली बरीच मला ओळखत होती. "तुमचं लई सांगायचे," असं जो तो म्हणत होता.

तेराव्यानंतर कागदपत्रं सुरू झाली. त्यांचे शेअर माझ्या नावावर करायला ग्राहक क्रमांक हवा होता. तो शोधताना ती पुराव्याची मेल सापडली. जोडलेल्या फायली आवाजाच्या होत्या. कंपनीने त्यांच्या प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. मी क्लासच्या स्टाफरूममध्ये, दोन बॅचच्या मधे बसले होते. पहिली फाईल लावली.

एक मुलगी ग्राहक क्रमांक विचारते. अण्णा तो न अडखळता सांगतात. मग ती पाठ केल्यासारखं म्हणते, "सर, फोनवरून ऑर्डर दिल्यास पन्नास रुपये आणि जीएसटी लागेल. ॲपवरून दिल्यास हा चार्ज लागणार नाही."

"ठाव हाय माय," अण्णा म्हणतात. "गाडीत बसायचं म्हणल्यावर तिकीट काढावंच लागतं. जेवलीस का?"

मी हेडफोन काढला. पुन्हा घातला. एकामागून एक फायली लावत गेले. बहुतेक वेळा फोनवर तीच मुलगी असायची, आणि पुढे पुढे ती सर सोडून काका म्हणायला लागली होती. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते अण्णांना माहीत होतं. ओवा टाकून तेल गरम करून लाव म्हणून त्यांनी सांगितलं होतं. नांदेडला थंडी किती पडली हे तिला माहीत होतं. मग शेवटी भाव विचारायचा आणि एक शेअर.

एका फायलीत ती म्हणते, "काका, एकदमच दहा घ्या ना. एकदाच चार्ज लागेल."

"मग परवा काय म्हणून फोन करू माय?"

ती हसते. मग विचारते, "घरी ॲप शिकवणारं कुणी नाही का?"

"लेक हाय न. लातूरला गणित शिकवायलीय. लई हुशार. तिनं शिकवलंय मला, येतं मला समदं. तिला टाईम न्हाई बिचारीला, लेकरायचे आयुष्य हायत तिच्या हातात. चला, ठेवतो. तुला बी काम हाय."

बाहेर दोनची घंटा झाली. मी त्या दिवशी वर्गावर गेले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला पुन्हा लिहिलं. माझ्या दिवंगत वडिलांनी हे शुल्क जाणूनबुजून, स्वखुशीने भरलं होतं, माझी तक्रार चुकीची होती, परत केलेली सगळी रक्कम कृपया पुन्हा कापून घ्यावी. दोन दिवसांनी उत्तर आलं. झालेल्या दुःखाबद्दल चार शब्द होते. खाली लिहिलं होतं की, परत केलेलं शुल्क पुन्हा आकारण्याची सोय उपलब्ध नाही, आणि आपली तक्रार आम्ही बंद करत आहोत. उत्तर मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येईल, असं नेहमीसारखं शेवटी होतंच.

मी मात्र कुणाकडे दाद मागितली नाही.