हिराबाईंच्या भोपळ्यातले बियाणे

२४ मे, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. कुळगावातल्या वाचनालयाच्या इतिहासकक्षात मी एकटी आहे. अकराला हिराबाई येतील. त्याआधी तुम्हाला हे या कागदावर लिहून सांगायचे आहे, कारण आजवर मी ते कुणालाही सांगितलेले नाही — घरी नाही, नोकरीच्या प्रयोगशाळेत नाही, ज्या ग्रंथपालांनी या कक्षाच्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या त्यांनाही नाही.

समोरच्या काचेच्या कपाटात एक वाळवलेला भोपळा आहे. घरोघरचे ठेवे आम्ही इथे जपतो. हा त्यांतला सर्वांत साधा. आत भाताचे बियाणे आहे. हिराबाईंचे सासर धरणात गेले तेव्हा सासूने पदरात बांधून आणले ते हेच. टेकडीवरच्या वाडीत ते दरवर्षी पेरले जाई. मग एका वर्षी हिराबाईंचा पाय मोडला, खाचर पडीक राहिले, आणि बियाणे उरले ते या भोपळ्यात होते तेवढेच. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी ते आणून दिले.

"घरात उंदीर ठेवीत नाय, बाय. हितला उंदीर पुस्तकं खाईल, भाताला हात नाय लावनार," त्या म्हणाल्या. "पेरनीला ओंजळभर नेईन, पिकलं का दोन भरीन."

ती अट मीच नोंदवली. 'जिवंत ठेव' हे शब्दही माझेच.

आठवड्याने भोपळ्याच्या तोंडाशी किडे दिसले. पद्धत मला ठाऊक होती: चौदा दिवस फ्रीझरमध्ये. प्रदर्शन तीन दिवसांवर होते. संवर्धनशास्त्राच्या परदेशी अभ्यासक्रमासाठी मला शिफारसपत्र हवे होते, आणि त्या पत्रात हे प्रदर्शन. "मॅडमना डास चावला तरी त्या वेळ टिपून ठेवतील," असे ग्रंथपाल थट्टेने म्हणत. माझ्या नोंदी कुणी तपासत नसे.

बियाणे मी अंबरनाथला, आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेले. ओव्हन एकशे पाच अंशांवर चालू होता. तापमान उतरवायचे तर कारण सांगावे लागले असते. किड्यांना साठ अंश पुरतात हे मला ठाऊक नव्हते का? होते. एकशे पाच अंशांत बीज मरते, हे? — तेही. ट्रे चार तास आत राहिला. नोंदवहीत मी लिहिले: फ्रीझरमध्ये ठेवून कीडमुक्त.

जूनमध्ये हिराबाईंनी पहिली ओंजळ नेली. वाफ्यात काही उगवले नाही. पंधरा दिवसांनी दुसरी नेली. तीही गेली. "पाय मोडला तवाच हाताचं बळ गेलं माज्या," त्या म्हणाल्या. आता वाडीतल्या बायका त्यांना स्वतःच्या वाफ्यात बी टाकू देत नाहीत. म्हणतात, म्हातारीचा हात जळका. हे त्यांनी मला हसत सांगितले. मी काय केले? — चहा मागवला.

इथवरच्याला घाई म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणावे?

तुलनेसाठी शंभर दाणे मी न तापवता पाकिटात राखून ठेवले होते. जुलैत मी उगवण तपासली: ओल्या टिपकागदावर एका थाळीत तापवलेले शंभर, दुसरीत हे शंभर. सातव्या दिवशी पहिली थाळी जशीच्या तशी होती. दुसरीत कोंब उभे होते, बोटाच्या पेराएवढे. लावणी अजून संपली नव्हती. वाडी तासाभराच्या वाटेवर. पण कोंब नेऊन दिले असते तर ते कुठून आले हे सांगावे लागले असते, आणि शिफारसपत्रावर सही व्हायची होती.

त्या बियाण्याचा जगात तेवढाच जीव उरला होता. मला हे माहीत होते. मी कोंब मोजले, आकडा लिहिला, आणि थाळी कचऱ्याच्या डब्यात उपडी केली.

प्रवेश मिळाला. सप्टेंबरात मी जाते आहे.

जिन्यावर काठीचा आवाज येतो आहे. भोपळ्यात शेवटची ओंजळ आहे. हिराबाईंना वाचता येत नाही. हा कागद मलाच वाचून दाखवावा लागेल. वहीतल्या उगवण मोजलेल्या पानासकट, कारण त्यापुढे मी काही नोंदवलेले नाही:

तापवलेले — शंभरपैकी शून्य.
न तापवलेले — शंभरपैकी सत्त्याऐंशी.