एका पेटीतल्या दोन नकोत

हार्ड डिस्क घ्यायला गेलेला माणूस साधारणपणे विचारतो, केवढी आहे, कितीला आहे, गॅरंटी किती. लोटननाना आधी पेटी बघायला मागायचे. डिस्का ज्या मोठ्या पुठ्ठ्याच्या पेटीतून दुकानात आल्या, ती पेटी. नव्या पेठेतला दुकानदार बिचारा ती आतून शोधून आणायचा. नाना चष्मा कपाळावर चढवून तिच्यावरचे आकडे वाचायचे आणि आम्हाला चार डिस्का हव्या असल्या तरी एकच घेऊन बाहेर पडायचे. "एक पेटीन्या दोन नको, भाऊ. संगे जलमन्या त्या संगेच मरतीन." उरलेल्या तीन मग धुळ्याहून, भुसावळहून, पाचोऱ्याहून यायच्या, त्याही वेगवेगळ्या महिन्यांत.

माझा जळगावात फोटो स्टुडिओ आहे. रावेरपासून पारोळ्यापर्यंतच्या लग्नांचं शूटिंग आम्ही करतो. नाना दीपनगरच्या वीज केंद्रात मीटर आणि यंत्रं दुरुस्त करण्याच्या विभागात होते. निवृत्त झाल्यावर जळगावात येऊन राहिले आणि घरातला मिक्सर, पंखा, इस्त्री, जे दिसेल ते उघडून बसू लागले. शेवटी त्यांच्या पत्नी, अक्का, त्यांना स्वतः माझ्या दुकानात घेऊन आल्या. "यास्ले काहीतरी काम दे, भाऊ. नहीतं मी माहेरले निंघी जासू." नाना मागे उभे राहून माझ्या टेबलावरचा बंद पडलेला बॅटरी चार्जर न्याहाळत होते. चहा येईपर्यंत त्यांनी तो सुरू केला.

तेव्हा माझी लग्नं सुट्या डिस्कांवर, कपाटाच्या खणांत पडलेली असायची. नानांनी तीन जुने सर्व्हर मिळवले, मागच्या खोलीत मांडले आणि एकमेकांना जोडले. तिघांचं मिळून एकच कोठार झालं. प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या मशीनमध्ये. एखादी डिस्क गेली, तर तिच्यातली लग्नं उरलेल्या प्रतीवरून दुसरीकडे आपोआप उतरायची. प्रत्येक डिस्कवर नाना मार्करने ती जिथून आणली त्या गावाचं नाव लिहीत. मग गिऱ्हाइकासमोर मधूनच आवाज यायचा, "आज भुसावळ जरा गरम शे." समोरचा माणूस घाम पुसत म्हणायचा, हो ना, फारच.

डिस्क निवडणं हा त्यांच्या लेखी मुलगी बघण्याइतका गंभीर मामला होता. नवी म्हणून दिलेली डिस्क आधी मशीनला लावून ती किती तास चालली आहे ते बघायचं. एकदा सीलबंद पाकिटातली डिस्क दोन-तीन वर्षं कुठेतरी राबून आलेली निघाली. नानांनी ती दुकानदारासमोर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "हाई नवरी नही, सासुरवाशीन शे." कौलांसारख्या एकीवर एक ओळी चढवून लिहिणाऱ्या डिस्का त्यांना चालत नसत. त्या स्वस्त असतात, पण दुसरीचं ओझं घ्यायची वेळ आली की बसकण मारतात. सगळ्यांत मोठी डिस्कही नको, कारण ती गेली तर तिच्यातलं सगळं पुन्हा उतरायला फार दिवस लागतात. आणि पसंत पडलेल्या डिस्कलाही लगेच घरात घ्यायचं नाही. तीन दिवस ती काठोकाठ भरायची, वाचायची, पुसायची. "राबू दे तिले. रडनी तं आतेच रडू दे."

मी हसायचो. मग एकदा रावेरहून केळीवाले तिघे भाऊ आले. वडील गेले होते, आणि धाकट्याच्या वरातीत ते नाचले होते म्हणे, तेवढंच बघायचं होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती. नानांनी ते काढून दिलं, तिघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभे राहिले. ते गेल्यावर मला म्हणाले, "हाई लग्नं नहीत, भाऊ. हाई मानसं शेत."

हे ऐकूनही मी शहाणा झालो नाही. पाचोऱ्याला नानांच्या भाचीचं लग्न झालं, ते आम्हीच केलं, आणि नंतर नाना-अक्का महिनाभर तिकडेच राहिले. इकडे लगीनसराई ऐन भरात होती, कोठार भरत आलं होतं. मी सरळ एका पेटीतल्या सहा डिस्का आणल्या आणि न राबवता प्रत्येक मशीनला दोन-दोन लावून टाकल्या. नावंसुद्धा घातली नाहीत. नाना परत आले, मागच्या खोलीत गेले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "काढ त्या."

दुकानात गिऱ्हाईक होतं. मला राग आला. मी म्हणालो, "नाना, हे दीपनगर नाही. इथं काही वीज जात नाही कुणाची."

"बरं, भाऊ," ते म्हणाले. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

वर्षाने अक्का गेल्या, साध्या तापाचं निमित्त होऊन. त्यानंतर सहा महिन्यांनी, एका सोमवारी, त्या सहांतली एक डिस्क गेली. तिची लग्नं दुसरीकडे उतरत असतानाच गुरुवारी दुसऱ्या मशीनमधली तिची बहीण गेली. ज्यांच्या दोन्ही प्रती नेमक्या या दोघींवर होत्या, ती सोळा लग्नं संपली. यादीत नानांच्या भाचीचं, पाचोऱ्याचं लग्नही होतं. घरच्यांना दिलेली फिल्म होती, पण हळदीत अक्का कॅमेऱ्याशी बोलल्या होत्या, तो तुकडा त्या फिल्ममध्ये मी ठेवला नव्हता.

मी नानांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "रावेरवाल्यासनं शे ना?"

"आहे."

"मंग बरं." यादीची घडी करून त्यांनी मला परत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले आणि म्हणाले, धुळ्याला चल, मी दाखवतो कशी घ्यायची.

आज नानांना जाऊन दोन वर्षं होत आली. डिस्क घेताना मी पेटी मागतो, दुकानदार ओळखीचं हसतो, आणि मला तिथून बाहेर येऊन उभं राहावंसं वाटतं. त्यांच्या पद्धती मला सगळ्या येतात. माणूस मात्र फार आठवतो, आणि सगळ्यांत जास्त आठवतो तो धुळ्याहून परत येतानाच्या एस.टी.तला.

पारोळा मागे पडला होता. नाना खिडकीशी होते. इतका वेळ डिस्कांबद्दलच बोलत होते, ते मध्येच थांबले. "फिल्ममा ती दिसस," ते म्हणाले. "पन वरतून गानं वाजस."

ते गाणं मीच टाकलं होतं. मी म्हणालो, "नाना, माझं चुकलं."

"तुले घाई व्हती. पन मनं काय? तुनाकडे ते समदं व्हतं, मी रोज त्या खोलीमा बशे. एकदाबी पाह्यं नही. जपेल शे ना, म्हनीसन. कधीबी पाहूत." मग माझ्याकडे न बघता, "काय बोलनी व्हती ती?"

शूटिंग मीच केलं होतं, त्यामुळे मला आठवत होतं. मी सांगितलं. "मना फोटू काय काढस रे, नवरीना काढ. मी काय आते नवी शे का?"

नाना हसले. "परत सांग," म्हणाले.

मी परत सांगितलं. शब्द अक्कांचेच होते, पण आवाज माझा होता, आणि ते आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. नानांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तेव्हा मी त्यांचा हात हातात घ्यायला हवा होता. पण माझ्या मांडीवर नव्या डिस्कचा खोका होता, गाडीचे धक्के लागू नयेत म्हणून तो मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, आणि जळगाव येईपर्यंत तसाच बसून राहिलो.