गर्दीतला माझा आवाज

ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली की मला अजून अंधेरीचा तो डबिंगचा स्टुडिओ आठवतो. एका परदेशी राष्ट्राध्यक्षाच्या पतनावरची मालिका मराठीत होत होती आणि मला पहिलंवहिलं काम मिळालं होतं, तेही गर्दीतल्या आवाजाचं. पंखा बंद, दार बंद आणि गालिचा ठोकलेल्या भिंतींना कोंदट वास. पडद्यावर चौकात हजारो माणसं जमलेली आणि त्यांच्या वतीने "राजीनामा द्या" म्हणून ओरडणारे आम्ही फक्त पाच जण. माझा आवाज काही फुटेना. भांडुपच्या चाळीत वाढलेली मी. "हळू बोल, पलीकडे ऐकू जातं," हे आईचं रोजचं पालुपद. तिसरा टेक वाया गेल्यावर दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "हिला बसव, चौघांत भागेल." तेवढ्यात राष्ट्राध्यक्षाला आवाज देणारे म्हातारे मालवणी काका उठले, खिशातली ज्येष्ठमधाची काडी मोडून त्यांनी अर्धी मला दिली आणि म्हणाले, "गो बाय, तू अशी कुजबुजलंस तर मी खुर्ची कित्याक सोडू?" मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच कुठेतरी घसा मोकळा झाला. पुढच्या टेकला मी अशी ओरडले की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने कानावरचा हेडफोनच काढला. आता मी मोठ्या भूमिकांना आवाज देते. आईला मात्र कुणीही घरी आलं की मोबाइलवर तोच प्रसंग दाखवायचा असतो, आणि शेजारच्या भिंतीकडे बघत ती मला म्हणते, "आवाज वाढव गं, पलीकडे ऐकू जात नाहीये."