डावीकडची सीट

मलेशियातल्या क्वाला कांगसार गावात चाळिशी ओलांडलेलं कोणीही गाडी चालवताना दिसलं, की त्याला हारुन चिकगूंनीच शिकवलं असणार असं खुशाल धरून चालावं. तिथे शिक्षकाला चिकगू म्हणतात, मग तो गणिताचा असो की गिअरचा. हारुन चिकगू सदतीस वर्षं शिकाऊ गाडीत डावीकडे बसले. पायाखाली शिक्षकाचा जादा ब्रेक, हातात थंडगार चहाची प्लास्टिकची पिशवी, तोंडात नळी. नदीवरचा पूल, घड्याळाचा मनोरा, टेकडीचा चढ आणि परत. एवढ्या फेऱ्यांत पृथ्वीला दहा-बारा प्रदक्षिणा सहज झाल्या असत्या, पण त्या सगळ्या गावाभोवतीच झाल्या.

म्हणून निवृत्त झाल्यावर चिकगूंनी ठरवलं, की आता एकदा सरळ जायचं. आपल्या गाडीने सगळं थायलंड उभं ओलांडायचं, मेकाँगवरच्या पुलावरून लाओसमध्ये शिरायचं आणि डोंगरातल्या लुआंग प्राबांगला पोचायचं. जाऊन-येऊन चार आठवडे.

जुन्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवून त्यांनी जेवणाच्या टेबलाएवढा तक्ता केला. रोजचे किलोमीटर, पेट्रोल कुठे, नमाज कुठे, मुक्काम कुठे. गाडीचे कागद, सरहद्दीवरचा विमा, परवान्याची परदेशी प्रत, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची खूण. त्याच टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर नोरमाहची, म्हणजे त्यांच्या बायकोची, यादी वाढत होती. भाताचा कुकर. पाच किलो तांदूळ. सुक्या मासळीचा सांबाल, म्हणजे तिखट चटणी, दोन बरण्या. खोबऱ्यात परतलेलं सुकं मटण तीन डबे.

"अगं, तिकडे काय भात मिळत नाही?" चिकगू म्हणाले.

"भात मिळतो हो. त्याच्यावर काय वाढलंय, हलाल आहे की नाही, ते मी कोणत्या भाषेत विचारू? आणि कुकर माझ्याजवळ राहील, मागे. तुमच्या स्टेपनीच्या बोडक्यावर नाही ठेवायचा."

मागे, म्हणजे मागच्या सीटवर. नोरमाह कायम मागेच बसायची. गावात थट्टा होती, की चिकगू साऱ्या जगाचे मास्तर आणि बायकोचे ड्रायव्हर. त्याचं कारण जुनं होतं. लग्नानंतर वर्षभरात तिला गाडी शिकायची हौस आली. अकरा दिवस बरे गेले. बाराव्या दिवशी ऐन बाजारात, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी, एक सायकलवाला आडवा आला. चिकगूंनी दाणकन ब्रेक मारला आणि खिडक्या उघड्या असताना ओरडले, "तुला डोळे आहेत की बटणं?" नोरमाहने हँडब्रेक ओढला, गाडी नीट बंद केली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि भाजीची टोपली घेऊन चालत घरी गेली. त्यानंतर ती पुढच्या सीटवर बसली नाही. भांडण मात्र कधी झालं नाही. छत्तीस वर्षं ती मागून गप्पा मारायची, केळ्याची भजी पुढे करायची आणि आरशात त्यांच्याकडे बघून हसायची. फक्त पुढे बसायची नाही.

तक्ता पुरा झाला, तेव्हा चिकगूंनी तो लेमानला दाखवायला चहाच्या टपरीवर नेला. लेमान त्यांचा शाळूसोबती. त्याने वीस वर्षं त्या मुलखात ट्रक चालवला होता. तो बोट फिरवत फिरवत पुलापर्यंत आला आणि थांबला.

"चिकगू, डावीकडे कोण बसणार?"

"कोणी नाही. का?"

"अरे बाबा, पूल ओलांडला की गाड्या उजवीकडून चालतात. तुझं स्टिअरिंगही उजवीकडे. म्हणजे तू बसणार गटाराच्या कडेला. पुढे ट्रक आला, की तुला दिसणार त्याचं ढुंगण. समोरून कोण येतंय ते डावीकडच्या माणसाला दिसणार. तो म्हणाला 'जा', की जायचं. तो म्हणाला 'थांब', की थांबायचं. दुसरा उपाय नाही."

"मग तू चल."

"माझ्या पाठीने माझी साथ कधीच सोडलीय," लेमान म्हणाला. "आणि तुझ्या घरात दोन डोळे आहेत की. ते वापर."

चिकगूंनी चहा तसाच ठेवला. घरी आल्यावर ते नोरमाहला काहीच बोलले नाहीत. आधी त्यांनी डाव्या बाजूला एक लांब दांड्याचा आरसा बसवून पाहिला. त्यात केळीची झाडं छान दिसली. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. ओव्हरटेक करायचंच नाही. जो ट्रक पुढे येईल त्याच्या मागे, त्याच्या चालीने. तक्त्यावरचे लाओसमधले आकडे त्यांनी खोडले आणि नवे लिहिले.

दोन दिवसांनी टेबल पुसताना नोरमाहने ते वाचले.

"अहो, हे काय? शेवटच्या साडेतीनशे किलोमीटरला चार दिवस? रेड्यावर बसून जायचंय का?"

"घाट आहे. ट्रक असतात."

"मग ट्रकच्या पुढे जा की. सगळ्या गावाला शिकवलंत पुढे जायला."

चिकगूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग लेमानने सांगितलं होतं ते सगळं त्यांनी सांगितलं. ढुंगणाचा भाग गाळला. नोरमाह फडकं हातात धरून शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे तुम्हाला माझे डोळे पाहिजेत," ती म्हणाली.

"तसंच काही नाही. आपण सावकाश..."

"आधी परीक्षा. तुमची, माझी नाही. मी म्हणेन तसं तुम्हाला ऐकता येतं का ते बघू. येत असेल तर मी येते. नसेल, तर तो तक्ता भिंतीला लावा, चांगला मोठा आहे, ओल झाकली जाईल."

आणि ती फडकं पिळायला निघून गेली. चिकगू तक्त्याकडे बघत बसले. सात आठवड्यांचं काम टेबलावर होतं आणि ते सगळं आता त्यांच्या मानेवर अवलंबून होतं. स्वतः बघायला मान वळवायची नाही, एवढंच.

रविवारी ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान रिकामं असे. चिकगूंनी जुनी शिकाऊ गाडी मागून घेतली. लेमानने पुतण्याचा टेम्पो आणला. चिकगूंची मुलगी सुराया इपोह शहरातून आपली स्कूटर घेऊन आली. सुरायाने गाडीचा परवाना इपोहलाच एका परक्या माणसाकडे शिकून काढला होता, ते घरात तीन वर्षांनी कळलं.

"बाबा, आईला ओरडलात तर मी शिट्टी वाजवणार," तिने आधीच सांगून टाकलं.

नोरमाहने पुढचं डावं दार उघडलं. सीटवर हात फिरवला, धूळ झटकली आणि बसली. पाय लांब केला तर काहीतरी लागलं.

"हा काय तो ब्रेक?"

"हो. पण त्याची गरज पडणार नाही."

"बघू या, चिकगू," ती म्हणाली. चिकगू असं ती फक्त टोमणा मारताना म्हणायची.

मैदानाच्या रस्त्यावर उलट्या बाजूने, उजवीकडून, टेम्पो निघाला. मागे ही गाडी. लेमान मुद्दाम रांगत होता. चिकगूंना खरंच टेम्पोच्या फळीशिवाय काही दिसत नव्हतं.

"थांबा," नोरमाह म्हणाली.

चिकगूंनी मान डावीकडे काढली. सदतीस वर्षांची मान ती. रस्ता त्यांना मोकळा दिसला. त्यांनी चाक वळवलं, गाडी बाहेर काढली.

दाणकन ब्रेक लागला. चिकगूंचा चष्मा मांडीवर पडला. त्याच क्षणी कुंपणाच्या वळणावरून सुराया स्कूटरवर हॉर्न वाजवत आली आणि त्यांच्या नाकासमोरून निघून गेली.

टेम्पो लांब जाऊन थांबला.

"कुंपणावरून तिचं हेल्मेट दिसत होतं," नोरमाह म्हणाली. "पिवळं." मग ती त्यांच्याकडे वळली आणि तिने तोंड उघडलं.

"बटणं," चिकगू घाईघाईने म्हणाले. "बटणंच आहेत, नोरमाह. माझी."

"मी काही विचारलंच नव्हतं."

"नव्हतंस. पण मी तेव्हा विचारलं होतं ना, सगळ्या बाजारासमोर. मला ते विचारायला नको होतं." त्यांनी मांडीवरून चष्मा उचलला आणि डोळ्यांवर न लावता हातातच धरून ठेवला. "तो सायकलवाला तुला माझ्या आधी दिसला होता. तुझा पाय ब्रेकवर गेलाच होता. मी पाहिलं होतं."

नोरमाह खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. चिकगू घाबरले. मग त्यांना कळलं की ती हसतेय.

"छत्तीस वर्षं लागली होय हे सांगायला! चला, चष्मा लावा. पुन्हा."

पुढच्या फेरीत चिकगूंनी मान सरळ ठेवली. लेमान रांगत होता, सुराया कधीच पलीकडे जाऊन उभी राहिली होती, तरी नोरमाह काही बोलेना. अर्धी फेरी झाली. एक झाली.

"मोकळा असेल ना आता?" चिकगू अगदी हळू म्हणाले.

"असेल. मला बघू दे की जरा, इथून किती छान दिसतं." आणखी एक वळण गेलं. मग ती म्हणाली, "जा."

ते गेले. टेम्पोशेजारून जाताना लेमानने खिडकीतून डोकं काढलं. नोरमाहला तो काक माह, म्हणजे माहताई, म्हणायचा. "काक माह, पास केलंत का यांना?"

"सध्या शिकाऊ परवाना दिलाय!"

त्या संध्याकाळी तक्त्यावरच्या चार दिवसांचा दीड दिवस झाला. वाचलेल्या अडीच दिवसांत नोरमाहने एक धबधबा, दोन बाजार आणि एक दिवस नुसतं नदीकाठी बसून राहणं असं लिहिलं. हिशेब जुळत नव्हता, पण चिकगूंनी तो तपासला नाही.

निघायच्या सकाळी सुराया दारात उभी होती. नोरमाह कुकर घेऊन बाहेर आली आणि सवयीने तिने मागचं दार उघडलं. क्षणभर थांबली. मग तिने कुकर सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला, दार लोटलं आणि पुढे जाऊन बसली.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी चिकगूंनी गाडी उभी केली. हे त्यांचंच गाव, डावीकडून चालणारं. समोरचं सगळं त्यांना लख्ख दिसत होतं आणि रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. तरी ते थांबून राहिले.

"जा," नोरमाह म्हणाली.