आबांच्या इंजिनावरची पितळी पट्टी

खंडेनवमीला माझ्या माहेरी चल, म्हणून माझी मैत्रीण ज्योती चार वर्षं मागे लागली होती. तिचं माहेर शहाद्याजवळचं ब्राह्मणपुरी. मी नाशिकची, इतिहासाची निवृत्त मास्तरीण, आणि माझं नंदुरबार जिल्ह्याचं ज्ञान नकाशापुरतं. यंदा दोघींनी पिशव्या भरल्याच.

नाशिकहून एसटीने धुळे, दोंडाईचा, शहादा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाचलेले पैसे धुळ्यात शेवभाजीवर उडवले. (तिखट झेपत नसेल तर दही आधीच मागून ठेवा. मी नंतर मागितलं.) सारंगखेड्याच्या पुलावर बस आली आणि माझ्या शेजारच्या आजीबाईंनी मला कोपराने ढोसलं, "बई, तापीमाय उनी. हात जोड!" एवढं रुंद, संथ पाणी बघून हात आपोआपच जुळले.

दुसऱ्या दिवशी तोरणमाळ. शहाद्याहून जीप सांगा, घाटात स्वतःची गाडी घालायची हौस नको. वर ढग तळ्यावर टेकले होते. आम्ही दोघी अखंड बोलणाऱ्या बायका, पण तिथे तासभर गप्प बसलो.

खरी गोष्ट तिसऱ्या दिवसाची, खंडेनवमीची.

ज्योतीचे वडील आबा. गुजर शेतकरी, केळी आणि ऊस. आपसात घरचे गुजरी बोलतात, माझ्याशी अहिराणी. विहिरीवर त्यांचं जुनं तेलाचं इंजिन आहे. विजेचा पंप आल्यापासून ते विसावा घेतं आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या पूजेनंतर, घटकाभर चालतं. "मन्हा बापनी मुंबईथून आनेल शे. जर्मनीनं शे!" असं आबा आल्यागेल्याला सांगतात. त्यांची सगळी केळी त्या पाण्यावर उभी राहिली.

इंजिन धुऊनपुसून झेंडूने सजवलं होतं. भावकी जमली होती. आबांनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. "आम्हना घरनी रीत शे. पाहुणी पहिलं कुकू लावस. लाव बई, पट्टीले."

पितळी पट्टीवर कंपनीचं नाव होतं. अक्षरांच्या खाचांत वर्षानुवर्षांचं कुंकू बसलेलं. ते नाव वाचलं आणि माझा हात वाटीतच राहिला.

उन्हाळ्यात मी सहलीबरोबर पोलंड-जर्मनीला गेले होते. तिथल्या एका संग्रहालयात हेच नाव मी पाहिलं होतं. हिटलरच्या छळछावण्यांतले ज्यू आणि इतर कैदी ज्या कारखान्यांनी बिनपगारी मजूर म्हणून मागून घेतले, त्यांच्या यादीत. इथे मी ते नाव लिहीत नाही. एकीचंच लिहिलं तर बाकीच्या कंपन्या सुटल्यासारख्या वाटतील, आणि त्या पुष्कळ होत्या.

गप्प राहून टिळा लावता आला असता. आबांचा वर्षाचा आनंद होता तो, आणि मी परकी. पण त्या नावाला कुंकू लावायला बोट उचलेना.

"काय व्हयनं, बई?"

मग मी सांगितलं. इंजिन लढाईनंतरचं असेल, पण कारखाना तोच. ज्योतीचा भाऊ किशोर वैतागला, "ताई, सणना दिनले हाई कसाले काढं?" त्याचं चुकलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा मात्र बांधावर बसले. "त्यासले खावाले तरी देत व्हतात का?"

"नाही. उपाशी राबवायचे. मरेपर्यंत."

"आनि मरावर?"

"भट्टीत जाळायचे. त्या भट्ट्याही कुठल्यातरी कंपनीनेच बनवून दिल्या होत्या, आबा."

मग आबा उठले, पट्टीवरचा हार काढला आणि धोतराच्या सोग्याने खाचांतलं कुंकू पुसत राहिले. इंजिन फिरवायच्या दांड्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "इंजिननी काय चूक? ज्या हातेस्नी बनाडं, त्यासले कुकू. आठे लाव."

मी लावलं.

इंजिन धडधडत सुरू झालं, पाटात पाणी आलं. इकडे सणाला गेलेल्या माणसांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. आबांनी वडिलांच्या नावाने पुरणपोळीचा घास टाकला. मग दुसरा मोठा घास उचलला, हात निखाऱ्यापर्यंत नेला आणि थांबले.

"नई. त्यासले आग नई."

अनवाणी पाटात उतरून त्यांनी तो घास पाण्यावर सोडला. ज्यांचं नाव, गाव, देव काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी. किशोरने न सांगता चप्पल काढली. संग्रहालयात माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं; इथे ढसाढसा रडले. इतकं मोठं माणूस मी जवळून पाहिलं नव्हतं.

परतीची एसटी सकाळी शहाद्याहून मिळते, गर्दी असते, लवकर जा.

घरी आल्यावर मिक्सर, फ्रिज, गोळ्यांची पाकिटं, जिथेतिथे नावं वाचत सुटले. कोणाची पाटी किती स्वच्छ, मला माहीत नाही. पूर्वी प्रश्न तरी पडत नव्हता.

काल ज्योतीचा फोन आला. किशोर म्हणत होता, पट्टी उखडून टाकू. आबांनी ती काढू दिली नाही. पट्टीला कुंकू का नाही, असं कोणी विचारलं की ते इंजिन दाखवायचं सोडून त्याला बांधावर बसवतात आणि सांगायला लागतात.